परीक्षकांचा उजवा हात

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला थोडाच वेळ उरला होता आणि मायक्रोवेव्हमधली बाटली जागेवर नव्हती. काळजीबाईने दार लावून पुन्हा उघडून पाहिलं. आत काचेची थाळी, थाळीवर पाण्याचे थेंब, बाकी काही नाही. शेजारच्या ओट्यावर एक रिकामा कप होता. तिने हात लावून पाहिला, तर अजून कोमट.

काळजीबाई हे नाव तिला प्रयोगशाळेने दिलं होतं, कारण गॅस बंद केला की नाही ते बघायला ती रोज अर्ध्या जिन्यातून परत येत असे. पण आजची काळजी पोकळ नव्हती. त्या बाटलीत तिच्या सगळ्या संशोधनाचं फळ होतं: कार्बीन आणि चांदी यांचं संयुग. कार्बीन, म्हणजे कार्बनचा एक चंचल रेणू, एकटं सोडलं तर सहसा टिकत नाही, त्याला एखाद्या धातूशी बांधून ठेवावं लागतं. त्यासाठी लोक मिश्रण अंधारात तासन्‌तास ढवळत बसतात. तेच काम तिने मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत करून दाखवलं होतं. खास यंत्र मंजूर होईना, तेव्हा सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, घरचा जुना मायक्रोवेव्ह आणून दिला होता. तयार झालेला पदार्थ उजेडात काळा पडायचा, म्हणून परीक्षकांना दाखवायची बाटली तिने त्यातच दार लावून ठेवली होती. पदार्थ दाट आणि सोनेरी होता. पाहणारा मधच म्हणाला असता.

तेवढ्यात सर खुशीत आत आले. परीक्षक लवकर पोचले होते, प्रवासात त्यांचा घसा बसला होता आणि त्यांना गरम पाणी हवं होतं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगायचं काय? म्हटलं, व्हरांड्याच्या टोकाला मायक्रोवेव्ह आहे. कुणाचा तरी मधही असेल तिथे, घ्या बिनधास्त."

सरांच्या मनात होती ती चहाची खोली, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाची. परीक्षक या टोकाला आले होते. 'खाण्यापिण्यासाठी नाही' ही मायक्रोवेव्हवरची पट्टी सरांनीच आदल्या दिवशी सोलून काढायला लावली होती. पाहुण्यांसमोर चिकटपट्ट्या बऱ्या दिसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

सरांना सांगावं, तर त्यांना रक्तदाब. तिने जिन्यात जाऊन ताईला फोन लावला. ताई इस्पितळात नर्स होती.

"ताई, माणसाच्या पोटात चांदी गेली तर काय होतं गं?"

"कुणाच्या पोटात?"

"असंच विचारतेय."

"असं कुणी असंच विचारत नाही. कुणाला काय पाजलंस?"

सगळं ऐकून ताईने आधी तिला यथेच्छ झापलं, मग सांगितलं की अंगात चांदी साठत गेली तर माणूस निळसर पडतो. पण तुमच्या त्या संयुगाचं मला काही कळत नाही, त्या माणसाला आधी इकडे घेऊन ये.

ती धावत सभागृहात गेली. परीक्षक पडद्याशेजारी पहिल्याच खुर्चीवर बसले होते. विद्यार्थ्यांना रडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ती त्यांच्याजवळ गेली आणि कसंबसं म्हणाली, "सर, पाणी मिळालं ना?"

परीक्षकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मिळालं. सुरू करा तुम्ही, लगेच सुरू करा."

ती आणखी काही बोलणार, तोच सरांनी दिवे घालवले. पडद्यावर तिचं पहिलं पान आलं, आणि त्याच्या उजेडात परीक्षक निळे दिसू लागले. दुसऱ्या पानाला ते आणखी निळे झाले. आपल्या सगळ्या पानांचा रंग निळाच आहे हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. तिने दिवे लावले, प्रोजेक्टर बंद केला आणि उरलेलं फळ्यावर सांगते म्हणाली. आता परीक्षक निळे नव्हते, पण त्यांना दरदरून घाम फुटला होता. शिवाय त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर येतच नव्हता. प्रबंधाची पानं ते डाव्या हाताने उलटत होते. हात गेला, तिच्या मनात आलं, आणि खडूचे दोन तुकडे झाले. तिने एक अख्खं प्रकरण एका वाक्यात उरकलं.

सर म्हणाले, "विचारा ना आता प्रश्न."

"काही नाही. समाधान झालं माझं."

सरांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "निदान नमुना तरी बघा. बाटलीत काढून ठेवलाय तिने."

"नको," परीक्षक म्हणाले. "नको," तीही त्याच क्षणी म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजर चोरली.

परीक्षकांनी अहवालावर डाव्या हाताने सही केली. ती एखाद्या लहान मुलाने गिरवल्यासारखी आली. सर चहा सांगायला बाहेर पडले आणि काळजीबाईचा बांध फुटला. "सर, उठू नका. मी गाडी बोलावते. माझी बहीण इस्पितळात आहे, तिथे लगेच बघतील."

"कशाला?"

"तुम्ही पाण्यात जे घातलंत, ते मध नव्हतं."

परीक्षकांनी हळूच उजवा हात खिशातून काढला. बोटं काळीकुट्ट झाली होती. मुठीत तितकाच काळा रुमाल होता आणि त्यात काचेचे तुकडे.

"मी नुसतं पाणी प्यायलो," ते म्हणाले. "कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून बाटली बाहेर काढली आणि ती हातातून सटकली. तुमच्या परीक्षेच्या दिवशी तुमचाच नमुना फोडला. तुम्ही आल्या आल्या पाण्याचं विचारलंत, तेव्हा वाटलं, कळलं हिला. नमुन्याचा विषय निघू नये म्हणून एकही प्रश्न विचारला नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "हे साबणाने जातं का?"

"नाही जात, सर. कातडी आपोआप निघेपर्यंत राहतं."

"घरी काय सांगू मी?"

त्यांच्या आवाजातली भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती. ती काही सुचवणार, एवढ्यात सर परतले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. ते परीक्षकांकडे सरळ चालत आले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

परीक्षकांचा हात खिशात गडप झाला. त्यांनी केविलवाण्या नजरेने काळजीबाईकडे पाहिलं.

ती पुढे झाली, सरांचा पुढे आलेला हात तिने दोन्ही हातांनी धरला आणि परीक्षक दाराबाहेर पडेपर्यंत हलवत राहिली.