बाराने गुणलेली बाई

"अभिनंदन," चार नंबरच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "तुम्ही आता गरीब राहिला नाहीत."

रफूवालीने मागे वळून पाहिलं. तो दुसऱ्याच कुणाशी बोलत असेल असं तिला वाटलं. पण मागे तिची नऊ वर्षांची चिंगी तेवढी उभी होती, आणि तिला हवा होता दम्याचा नवा पंप. त्या पंपासाठीच तर मायलेकी दर महिन्याला या सरकारी मदत-कचेरीत येत. मदतकार्ड दाखवलं की औषध फुकट मिळे. आज कार्ड यंत्राला लावलं तर लाल दिवा लागला.

रफूवाली एका लाँड्रीत फाटक्या कपड्यांना रफू करी. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मग ती राहत होती ती इमारतही पाडली गेली, आणि गेले चौदा महिने दोघी बेघरांच्या निवाऱ्यात होत्या. चाळीस खाटांचा हॉल, मध्ये पडदे. चिंगी पायात बूट घालूनच झोपे, कारण एकदा उशाशी ठेवलेले बूट सकाळी दिसले नव्हते. इतर पोरींना बाहुली हवी असते, हिला आतून कडी लागणारं दार हवं होतं.

अशात त्यांना संस्थेच्या ताई भेटल्या. बेघर कुटुंबाला खोली घेता यावी म्हणून ही संस्था वर्षभर दरमहा रोख मदत देई. ताई फार मायाळू. बिचारीला दर महिन्याला हेलपाटा कशाला, शिवाय खोलीची अनामतही भरता येईल, असा विचार करून त्यांनी बाराही महिन्यांची रक्कम एकाच दिवशी तिच्या कार्डाशी जोडलेल्या खात्यात घातली. रफूवालीने सायकलच्या दुकानावरची एक खोली ठरवली. एक तारखेला अनामत द्यायची आणि किल्ली घ्यायची. चिंगीने त्या दाराची कडी इतक्या वेळा लावून पाहिली की मालक म्हणाला, पोरी, राहायला येईपर्यंत तरी टिकू दे.

पण यंत्राला माया कळत नाही. एका महिन्यात एवढे पैसे आले म्हणजे दर महिन्याला येत असणार, असं धरून त्याने ती रक्कम बाराने गुणली. हिशेबात रफूवालीचं वर्षाचं उत्पन्न कारकुनाच्या पगारापेक्षा जास्त निघालं. त्याने तो आकडा जरा हेव्यानेच वाचून दाखवला.

"अहो, पण हे पैसे खोलीचे आहेत," ती म्हणाली.

"यात खोलीचा रकाना नाही हो, बाई. संस्थेकडून लिहून आणा, ही मदत आहे, पगार नाही. मी बघतो."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या कोटाच्या कोपराला भोक होतं, आणि भोक दिसलं की रफूवालीला राहवत नसे. तो नियमांचं पुस्तक चाळत होता तोवर तिने कोट खिडकीतून मागून घेतला आणि पिशवीतून सुईदोरा काढला. त्याला नियम सापडेपर्यंत कोटावरचं भोक सापडेनासं झालं होतं. कारकुनाने खिशात हात घातला, थांबला, आणि हात रिकामाच बाहेर काढला. "पैसे दिले तर तुमच्या उत्पन्नात धरावे लागतील," तो ओशाळून म्हणाला.

ताईंनी पत्र त्याच दिवशी लिहिलं. दोन ओळी पुरल्या असत्या, पण त्यांना भरभरून लिहायची सवय. हे कष्टाळू कुटुंब आता आपल्या घरात सुखाने नांदत आहे, असा त्यांनी शेवट केला. एक तारखेला अजून नऊ दिवस होते. वर, चांगली बातमी सगळ्यांना कळावी म्हणून एक प्रत निवाऱ्यालाही धाडली.

संध्याकाळी मायलेकी निवाऱ्यावर पोचल्या तर त्यांच्या खाटेवर दुसऱ्याच कुणाचं बोचकं होतं. तिथल्या मावशींनी रफूवालीला मिठीच मारली. खरं कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण वहीतून काढलेलं नाव पुन्हा घालायला चालू कार्ड लागतं. व्हरांड्यातल्या बाकावर झोपा, मी पाहिलंच नाही असं समजते, एवढंच त्यांच्या हातात होतं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आली. पण इथलं कुत्रं इतकं प्रेमळ की त्याला हाड म्हणायलाही जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. मदत उत्पन्नातून वगळता येत होती, पण फक्त बेघरांची. पत्रात तर ती घरात नांदत होती, आणि एकदा दाखल झालेलं पत्र बदलता येत नसे.

"मग मी ते पैसे खर्चून टाकू?"

"खर्चले तरी आलेले मोजतो आम्ही. महिनाअखेरीच्या आत परत गेले, तरच आले नाहीत असं धरतो. नाहीतर कार्ड वर्षभर बंद."

पंप दर महिन्याला विकत घेतला तर खोलीच्या भाड्याला काही उरत नव्हतं. खोली घेतली तर पंप नव्हता. जुन्या पंपात किती फवारे उरलेत ते चिंगीला पाठ होतं. अकरा. रफूवालीने फार विचार केला नाही, कारण विचार करण्यासारखं काही नव्हतं. ती संस्थेत गेली आणि सगळी रक्कम परत करून आली. ताई हमसून हमसून रडल्या. पुढच्या यादीत तुझं नाव पहिलं, म्हणाल्या. ती यादी सहा महिन्यांनी निघणार होती. त्या दिवसापासून रफूवाली लेकीला लांबच्या रस्त्याने शाळेत नेऊ लागली, म्हणजे वाटेत सायकलचं दुकान लागणार नाही.

दोन तारखेला दोघी पुन्हा खिडकीपाशी उभ्या राहिल्या. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आदल्या दिवशीच दुसरं कुटुंब राहायला आलं होतं.

"अभि..." कारकून सवयीने म्हणाला आणि त्याने घाईने अर्ज पुढे ओढला. "पत्ता काय लिहू?"

"निवारा लिहा."

"तिथून तुमचं नाव काढलंय."

"कार्ड मिळालं की ते पुन्हा घालतील. खाट रिकामी होईपर्यंत बाकावर झोपू."

"आणि पत्ता नसेल तर मला कार्ड देता येत नाही."

मग रफू केलेलं कोपर टेबलावर टेकवून त्याने रिकाम्या रकान्यात सावकाश लिहिलं: खिडकी क्रमांक चार. "तुमची पत्रं माझ्याकडे येतील," तो खाली मान घालून म्हणाला. "मला बदलीची ऑर्डर येईपर्यंत."

कार्ड लावलं, हिरवा दिवा लागला. त्याने पंप आणून दिला. चिंगीने तो छातीशी धरला, टाचा उंचावल्या आणि आपला नवा पत्ता आतबाहेर नीट पाहून घेतला.

"काका, हिला आतून कडी आहे?"

"आहे की."

कामाची वेळ संपली होती. त्याने खिडकी ओढून घेतली. चिंगीने लाकडाला कान लावला आणि आतला आवाज ऐकून घेतला.

"लागली," ती आईला म्हणाली, आणि दोघी निवाऱ्याच्या बाकाकडे निघाल्या.