गांगुर्डे काकांचा हिरवा फडका

देशाचं कसं काय चाललंय असं गांगुर्डे काकांना विचारलं, तर ते आधी घड्याळ बघतात आणि म्हणतात, "थांब, साडेसातची मालगाडी जाऊ दे, मग सांगतो."

नाशिकरोडला आमची इमारत रुळांना अगदी खेटून आहे. काका मालगाडीचे निवृत्त गार्ड. गार्डला हल्ली नवं इंग्रजी नाव मिळालंय, पण ते काकांसमोर काढायची सोय नाही. रोज सकाळी ते गच्चीत खुर्ची टाकतात आणि प्रत्येक मालगाडीचे डबे किती, माल कोणता, भरलेली की रिकामी, हे वहीत लिहितात. मग त्यावरून भाकीत. सिमेंट वाढलं की, "फ्लॅट घ्यायचा तर आत्ताच घे." रिकामे डबे दिसले की दूधवाल्यालासुद्धा, "जपून रे बाबा, मंदी हाय." कोणी शंका काढली तर उत्तर ठरलेलं: "माणसं थापा मारतात. डबे नाय मारत."

शेवटचा डबा आला की काका उभे राहतात आणि हिरवा फडका दाखवतात. त्या डब्यातला गार्डही हिरवी झेंडी दाखवतो. रेल्वेत ही रीतच आहे. कडेच्या माणसाने जाणारी गाडी नीट बघायची, कुठे काही लोंबत-जळत नसेल तर हिरवं दाखवायचं. पण ती रीत नोकरीतल्यांची. काकांना निवृत्त होऊन किती वर्षं झाली! सोसायटीत आम्ही त्यांना 'मालगाडीमंत्री' म्हणतो. नाव मीच ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ऊन-धूळ बंद, मुक्काम घोटीला मुलीकडे. जाताना वही आणि फडका त्यांनी माझ्या हातात दिला. "लिहायचं राहिलं तर राहू दे. फडका तेवढा चुकवू नको."

"काळजीच सोडा, काका."

मी एकही दिवस गच्चीत गेलो नाही. थंडी होती, गोधडी सोडवत नव्हती. आठव्या दिवशी चहा पिता पिता सगळे रकाने भरून टाकले. हातही सढळ ठेवला. सिमेंटच्या दोन-तीन आणि नव्या मोटारींची एक गाडी तर निव्वळ हौसेने सोडली.

काका परतले, काळा चष्मा कपाळावर सारून वही वाचली आणि उडालेच. "लय तेजी! तुमच्या सातपूरच्या कारखान्यात तिसरी पाळी सुरू होतीय बघ!"

त्याच आठवड्यात आमच्या कारखान्याची दुसरी पाळी बंद झाली होती. मी मान डोलावली.

"आणि फडका?"

"रोज दाखवला. त्यांनीही झेंडी दाखवली."

दुसऱ्या दिवशी ते मला गच्चीत घेऊन गेले. सिग्नल नसल्याने मालगाडी रांगत होती. शेवटच्या डब्यातल्या गार्डने काकांना पाहिलं आणि दोन्ही हात वर करून नाचायलाच लागला. "बाबा! आठ दिवस गच्ची रिकामी! आम्हाला सगळ्यांना वाटलं, गेलात तुम्ही!"

गाडी निघून गेली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत तीही सोय नव्हती.

काका रागावले नाहीत. फडक्याची घडी घालत म्हणाले, "हा तुझ्या काकूच्या साडीचा. मी गाडीवर असलो की ती इथनं पदर दाखवायची. म्हणजे घरी सगळं ठीक. शेवटच्या डब्यात माणूस अख्खी पाळी एकटा असतो रे. एखाद्या दिवशी पदर दिसला नाय, तर मनमाडपर्यंत जीव टांगणीला लागायचा."

डब्यांचं ते नेहमीचं वाक्य आता येणार म्हणून मी मान खाली घातली. ते आलं नाही. त्यांनी फडका माझ्या हातात ठेवला. "उद्यापासनं तू पण उभा राहा. तुझं तोंड त्यांच्या ओळखीचं होऊ दे. मी नसलो तर घाबरतील बिचारे."

आता मी रोज उभा राहतो. काका डबे मोजतात, फडका मी दाखवतो. गार्ड झेंडी हलवतो, हसतोही. त्याच्याकडे सरळ बघायचं मला अजून जमत नाही.