वाजणे आणि वाजवणे

माझे शेजारी गेनूआबा फोन हातात घेण्यापूर्वी चार बोटे पाण्यात बुडवतात. ओट्यावर पितळेची वाटी, वाटीत पाणी, पाण्यात बोटे. मग ती धोतराला हलकेच टिपून ते फोन उचलतात, तोंडापाशी नेतात आणि 'हॅलो' न म्हणता त्यात फुंकर मारतात. आमच्या कार्ला गावात नव्याने आलेल्या माणसाला वाटते, फोन तापला असावा. एवढ्यात त्या फोनातून सनई निघते आणि तो माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो.

मी पाटबंधारे खात्यात मुख्य लिपिक होतो; निवृत्तीनंतरही निरनिराळ्या कचेऱ्यांना पत्रे लिहिणे सुरूच आहे. पुराव्यावाचून एक ओळ लिहिण्याची मला सवय नाही. म्हणून स्पष्टपणे नमूद करतो की ही सनई मी स्वतःच्या कानांनी, शुद्धीत असताना, शेकडो वेळा ऐकलेली आहे.

आबांनी उभे आयुष्य मावळातल्या लग्नांत सनई वाजवली. परंदवडी असो की सुदुंबरे, मांडव उभा राहिला की आबांना निरोप जाई. साठीनंतर दातांनी एकेक करून राजीनामे दिले. आबांनी कवळी बसवली. परंतु सनईची पत्ती ओठांत धरताच कवळीही थरथरू लागे. "सनई एक सूर काढती आन् कवळी दुसराच," आबा सांगत. "जुगलबंदी व्हायला लागली, साहेब. लोक हसायला लागले." सनई खुंटीवर गेली.

घरात आबा आणि नात राणी, असे दोघेच. राणीचे आईवडील तिच्या लहानपणीच गेले. आबांनीच तिला वाढवले. तिने एके दिवशी गंमत म्हणून आबांच्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिले. काचेवर गोल भोके दिसतात. ती बोटांनी झाकायची आणि फोनच्या बुडाशी असलेल्या माइकवर फुंकायचे. राणीची ती गंमत आबांनी गांभीर्याने घेतली. आवाज बारीक येतो म्हणून त्यांनी जुन्या सनईच्या टोकाचा कर्ण्यासारखा पितळी प्याला काढून सायकलच्या ट्यूबच्या रबराने फोनला आवळला. फुंकर नेमकी माइकवर पडावी म्हणून रसवंतीगृहातली कागदी नळी जोडली. तरी सूर उमटेना, कारण आयुष्यभर भोके दाबून बोटांना पडलेले घट्टे काचेला ओळखूच येत नव्हते. "तिला वाटतंय लाकूडच टेकलंय," आबा म्हणाले, आणि वाटी आली.

एकदा भूप ऐन रंगात असताना कुठल्याशा कंपनीच्या बाईंचा फोन आला आणि सनई जागच्या जागी मेली. आबा संतापून ओरडले, "बाई, भूप चाललाय! मागनं करा." बाईंनी पाच मिनिटांनी पुन्हा केला. "अवो, अजून चाललाय!"

आता माझ्या तक्रारीविषयी. माझ्या खिडकीपासून आबांचा ओटा अवघ्या बारा पावलांवर आहे. पहाटे पाच वाजता कोणतेही वाद्य, मग ते कशाचेही बनलेले असो, शेजाऱ्याच्या निद्रेत व्यत्यय आणत असेल, तर तो उपद्रव होय. मी आबांना रीतसर पत्र दिले: विषय, संदर्भ, सात मुद्दे, सात दिवसांची मुदत. दुसऱ्याच दिवशी आबा ते पत्र घेऊन माझ्याच दारात उभे.

"साहेब, ह्याचं उत्तर लिवून द्या की."

"आबा, तक्रारदार मी आहे. आपले उत्तर मी कसे लिहिणार?"

"मंग गावात दुसरं कुणाला असलं लिवता येतंय? तक्रार तुमची, उत्तरबी तुमीच लिवा. कमी काय ठिवू नका बरं का. माझी बाजू घट्ट मांडा."

पक्षकाराची बाजू कमकुवत मांडणे मला मान्य नाही. मी खुर्चीवर बसलो आणि माझ्याच सात मुद्द्यांचा असा समाचार घेतला की अखेरीस माझी मलाच शरम वाटली. सहीसाठी लेखणी पुढे केली, तर आबांनी अंगठा पुढे केला. अंगठा ओला होता. शाई पार तारखेपर्यंत पसरली. मग त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी मला अर्पण केला आणि मी त्यावर 'पोहोचले' असे लिहून ठेवले. एकंदर तीन वेळा मी तक्रार केली आणि तिन्ही वेळा मीच स्वतःला निरुत्तर केले.

अशातच राणीचे लग्न ठरले. राणीच्या बारशात सनई वाजवून झाल्यावर आबांनी भर पंगतीत शब्द दिला होता, की हिच्या लग्नात दुसऱ्या कुणाची सनई लागणार नाही. तो शब्द पाळण्याची वेळ आली आणि आडवा आला गावच्या सभागृहाचा नियम क्रमांक सात: 'सभागृहात कोणाचाही मोबाइल वाजता कामा नये. वाजल्यास तो कार्य संपेपर्यंत जमा करून घेण्यात येईल.'

सभागृहाच्या व्यवस्थापक शालनताई या शिस्तीच्या बाई. त्यांनी आबांना साफ नकार दिला. मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो.

"हा नियम कोणत्या मूर्खाने केला?"

"काका, तुम्हीच," त्या शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी फाइल उघडली. खरोखरच माझे अक्षर होते; सभागृह उघडले तेव्हा नियमावली मीच लिहून दिली होती. "तुम्हीच बजावलं होतं, एकालाही सूट देऊ नका म्हणून. आता तुमच्या आबांना दिली, तर उद्या तुम्हीच मला पत्र पाठवाल."

ते खरे होते. मी निश्चितच पाठवले असते.

घरी आलो तेव्हा आबा पायरीवर बसले होते. वाटी नव्हती, फोनही नव्हता. "साहेब, पोरीला शबूद दिलाय वो," एवढेच म्हणाले. मी नियमाची प्रत समोर ठेवली आणि प्रत्येक शब्द नखाने टोकरून पाहिला. आणि तो सापडला! मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की आबा दचकले. नियम म्हणतो, 'वाजता कामा नये'. 'वाजवता कामा नये' असे म्हणत नाही! वाजणे हे क्रियापद अकर्मक. मोबाइल आपणहून वाजतो, त्याला वाजणे म्हणतात. वाजवणे सकर्मक, तिथे कर्ता लागतो, फुंकर लागते, चार ओली बोटे लागतात. आबांचा मोबाइल वाजत नाही. आबा तो वाजवतात. एकाच बैठकीत दोन पानी निवेदन लिहून मी ते शालनताईंच्या हाती दिले.

त्यांनी ते दोनदा वाचले. पदर तोंडाला लावून बराच वेळ खोकल्या. तो खोकला होता असे मी मानतो. "बरं काका. वाजवू द्या आबांना. पण मध्येच कुणाचा फोन येऊन तो *वाजला*, तर मी जमा करणार."

यावर राणीने उपाय दाखवला. फोन विमान मोडवर ठेवायचा. मावळच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात विमानातला 'व' गळतो आणि त्याचे इमान होते. आबा गावभर सांगत सुटले, "फोन इमानात ठिवलाय. आता खोटं काय वाजायचं न्हाई."

एक अडचण उरली. सनईमागे अखंड एक सूर लागतो, आणि तो धरणारा माणूस वेगळा असतो. चाळीस वर्षे तो सूर आबांच्या धाकट्या भावाने, दगडूने, धरला होता. दगडू आता नाही. आबांनी राणीच्या फोनवर तेच अ‍ॅप उघडून तो माझ्या हाती दिला.

"हे एक भोक दाबायचं आन् फुकत ऱ्हायचं."

"आबा, सूर आपोआप चालू राहील असे बटणच या यंत्रात आहे. माणूस कशाला?"

"हाय की बटन. पन त्याला दम लागत न्हाई, साहेब. दगडूला दम लागला की मला मागनं कळायचं. मंग मी बी थांबायचो. बटनासंगं कुठं थांबायचं, तेच कळत न्हाई."

लग्नात मी आबांच्या मागे बसलो. कचेरीतले कागद चाळून माझी बोटेही वाळून गेलेली; काच दाद देईना. आबांनी वाटी मागे सरकवली. मग त्यांनी फुंकर घातली, पितळी प्याल्यातून सूर उसळला आणि अख्खे सभागृह मान वळवून पाहू लागले! पंगतीतले वाढपी बादल्या घेऊन दारात थबकले. दोनदा माझा दम तुटला. दोन्ही वेळा आबा बरोबर तिथेच थांबले आणि लोकांना वाटले, ती खुबीच आहे. अक्षता पडल्या तेव्हा राणी नवऱ्याकडे पाहायचे सोडून आबांकडे पाहत होती. शालनताईंचा पदर पुन्हा तोंडाशी गेला. या खेपेस त्या खोकल्या नाहीत.

राणी सासरी गेली. त्यानंतर आठ दिवस समोरच्या ओट्यावरून एकही आवाज आला नाही. पहाटे पाचला मी जागा होत असे आणि नुसता पडून राहत असे. नवव्या दिवशी मी चौथे पत्र लिहिले. विषय: शेजारी वाद्य न वाजवले गेल्याने निद्रेत येणाऱ्या व्यत्ययाबाबत. ते आबांच्या दाराखालून सरकवले आणि उत्तर लिहून घ्यायला ते येतील म्हणून लेखणी काढून ठेवली.

आबा आले नाहीत. दोन दिवसांनी माझ्या दारात पोस्टमन थांबला. पोस्टकार्ड होते, अक्षर गोल, सावकाश, एकही खाडाखोड नसलेले.

'साहेबांस गेनूचा नमस्कार. मला लिवता येतं, हे सांगितलं न्हाई, माफी असावी. तुमी एवढी पत्रं हापिसांना पाठवता आन् पोस्टमन तुमच्या दारावरून न थांबता जातो, ते मी ओट्यावरून रोज बगत होतो. म्हनलं, निदान आपलं तरी उत्तर तुमाला पोचावं, आन् तुमच्या मनासारकं असावं. ह्या टायमाचं उत्तर माजं हाय. वाजवनं बंद हाय, कारन लग्नात मागं सूर मिळाल्यापून एकट्यानं वाजवनं गोड लागंना, आन् सूर धरायला मानूस न्हाई. सांजच्याला यावं.'

मी कार्डावर 'पोहोचले' असे लिहिले, तारीख घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन बोटे घरूनच भिजवून निघालो.