चिनी झग्याचा नकाशा

शेजारच्या मिसेस भल्लांनी गुलाबी साटिनचं कापड पलंगावर पसरलं आणि विचारलं, "भैणजी, चायनीज ड्रेस सी लोगे ना?" तेव्हा रत्नप्रभा देवघरेनं आधी हो म्हटलं आणि त्या घरी गेल्यावर चायनीज ड्रेस म्हणजे नेमकं काय, याचा विचार केला.

ती आणि तिचा नवरा कृष्णकांत अमरावतीकडचे. बदली होऊन चंडीगडला आल्याला तीन वर्षं झाली होती. तो सरकारी बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन होता. सेक्टर बावीसमधल्या क्वार्टरात तिचं मशीन दुपारभर चालायचं आणि रांगेतल्या निम्म्या घरांतले सलवार-कमीज तिच्या हातचे होते. लग्नाआधी तिनं शिवणाचा डिप्लोमा केला होता. स्वतःचा क्लास काढायचा हे तेव्हापासूनचं मनात होतं, पण दर बदलीला ते सामानासोबत बांधून ठेवावं लागे. आता मिसेस भल्लांच्या नणंदेच्या लोकरीच्या दुकानावरची खोली रिकामी होती. "सिम्मी का ड्रेस बढ़िया बन गया तो ऊपरवाला कमरा आपका, स्कूल खोल लो," असं त्या जाता जाता म्हणाल्या होत्या. सिम्मी म्हणजे त्यांची मुलगी. कॉलेजच्या कार्यक्रमात तिला नाचायचं होतं, आणि सध्या सेक्टर सतराला लागलेल्या सिनेमात नटीनं घातला होता तसाच झगा तिला हवा होता.

म्हणून नवराबायको सिनेमाला गेले. उंच गळपट्टी, अंगाला घट्ट बसलेला, बाजूनं मांडीपर्यंत चिरलेला लाल झगा पडद्यावर चार मिनिटं दिसला आणि गाण्याबरोबर संपला.

"अहो, ही बाई याच्यात शिरली कुठून?" रत्नप्रभानं हळूच विचारलं. "पुढून बटणं नाहीत, मागून चेन नाही."

"बटणं आहेत. गळ्यापासून तिरपी काखेकडे गेली आहेत," कृष्णकांत म्हणाला. "तू काळजी नको करू. नजरेनं माप घेणं हे माझंच काम आहे. मी नकाशा काढून देतो."

इतक्या वर्षांत तिच्या शिवणात त्यानं रस घेण्याची ही पहिलीच वेळ. तिला बरं वाटलं.

नकाशासाठी ते आणखी दोनदा सिनेमाला गेले. नटी एका टेबलाला रेलून उभी राहत होती. टेबल तीस इंची असतं हे कृष्णकांतला पक्कं ठाऊक होतं, त्यावरून त्यानं नटीची उंची काढली आणि उंचीवरून बाकी सगळं. तिसऱ्या खेपेला दारावरच्या माणसानं तिकिटं फाडता फाडता आपणहून सांगितलं, "बाऊजी, आराम से बैठो. गाने में अभी बीस मिनट हैं।" मागच्या रांगेत कचेरीतलं कुणी नाही ना, हे बघून कृष्णकांत खाली मान घालून बसला.

कच्चा आराखडा घरी पेन्सिलीनं झाला, पक्का त्यानं कचेरीत जेवणाच्या सुट्टीत काढला. समोरून, बाजूनं, मागून, शिवाय कमरेतून आडवा छेद. कागदावर झगा एक पंचमांश मापात उभा होता आणि प्रत्येक रेघेला बाणाची टोकं होती. वर सवयीनं ठळक इंग्रजी अक्षरांत त्यानं लिहिलं, "चायनीज ड्रेस, डिटेल्स." ट्रेसिंगचा कागद त्यानं टेबलावर गुंडाळून ठेवला आणि तो हात धुवायला गेला.

तेवढ्यात छपाईच्या खोलीतला माणूस टेबलावरचे कागद गोळा करून गेला. सेक्टर चौतीसच्या मोकळ्या मैदानावर पंपघर बांधायचं होतं, त्याच्या नकाशांत झगाही गेला. सहा निळ्या प्रती निघाल्या. चार थेट बांधकामावर पोचल्या.

दोन दिवस कृष्णकांत ट्रेसिंग शोधत होता आणि घरी "आज आणतो, उद्या आणतो" करत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सूरीसाहेबांनी, म्हणजे त्याच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनीअरनी, त्याला केबिनमध्ये बोलावलं. समोर निळी प्रत होती आणि तिला कामावरच्या ओव्हरसियरची चिठ्ठी टाचलेली होती. साहेबांनी ती वाचून दाखवली. पंपघराच्या टाकीचा गळा फार अरुंद आहे, साफसफाईला माणूस आत उतरणार कसा? टाकीला बाजूनं चौदा इंची फट ठेवली आहे, ती बुजवायची की तशीच ठेवायची?

सूरीसाहेब हसले नाहीत. "देवघरे, ये किसने बनाया?"

कृष्णकांतची नजर वरच्या ठळक अक्षरांवर गेली. चीनशी लढाई होऊन आठच वर्षं झाली होती. सरकारी कागदावर, सरकारी शाईनं, सरकारी टेबलावर चिनी झगा. त्याच्या डोळ्यांपुढे चौकशी आली, बदली आली, आणि तोंडातून आलं ते असं: "सर, मेरी मिसेस का है। फिल्मों के पीछे पागल है। मैंने तो मना किया था। अनपढ़ जैसी बातें करती है, क्या करें।"

"मिसेस ने बनाया?"

"जी सर। मेरा इससे कोई लेना-देना नहीं।"

साहेबांनी प्रत ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाले, "ठीक है। जाइए।"

तो झुलतं दार ढकलून बाहेर आला तर बाकावर रत्नप्रभा बसली होती. कार्यक्रम रविवारी होता, कापड अजून कापायचं होतं, म्हणून नकाशा न्यायला ती स्वतःच आली होती. दाराच्या वर आणि खाली हातभर जागा मोकळी होती. हिंदी तिला त्याच्यापेक्षा चांगली यायची.

"मी घरी जाते," ती म्हणाली. त्यानं रिक्षा करून देतो म्हटलं तर ती म्हणाली, "अनपढ असले तरी रस्ता समजते मला."

त्याच दुपारी तिनं साटिन जसंच्या तसं मिसेस भल्लांना परत केलं. मग बाजारातल्या एका टेलरनं ते एका रात्रीत शिवलं. गळपट्टी त्यानं जमवली, बाजूच्या चिरा मात्र विसरला. रविवारी सिम्मीला पायऱ्या चढता येईनात, तेव्हा दोन मैत्रिणींनी तिला उशीसारखं उचलून स्टेजवर ठेवलं. ती जागच्या जागी हात हलवत नाचली आणि लोकांनी चिनी नाच असाच असतो असं समजून टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात लोकरीच्या दुकानावरच्या खोलीला त्या टेलरची पाटी लागली. तिच्यावर "चायनीज ड्रेस स्पेशालिस्ट" असं लिहिलं होतं.

कृष्णकांतनं पाटी वाचली आणि सायकल वळवून लांबच्या रस्त्यानं घरी आला. रत्नप्रभा पोळ्या लाटत होती.

"मी घाबरलो होतो ना," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

ती भांडली असती तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

महिन्याभरानं सूरीसाहेबांनी त्याला पुन्हा बोलावलं. टेबलावर निळी प्रत होती आणि शेजारी एक पुडकं, त्यात कापड आणि मापाची कमीज.

"मेरी वाइफ ने ये देखा। कहती है, ऐसा ही ड्रेस चाहिए। आपकी मिसेस सी देंगी?" ते म्हणाले. "और उनसे कहिए, इतनी साफ़ ड्रॉइंग मैंने इस दफ़्तर में नहीं देखी। मैंने तो उस दिन इसीलिए पूछा था। हेड ड्राफ्ट्समन के लिए नाम भेजना था। सोचा, अपने ही किसी आदमी की होगी।"

कृष्णकांत म्हणाला, "सर, ड्रॉइंग मैंने बनाई थी। उस दिन झूठ बोला।"

सूरीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "नाम तो पिछले हफ़्ते चला गया, देवघरे। दूसरे का।"

संध्याकाळी प्रत आणि पुडकं घरी आणून त्यानं रत्नप्रभाला सगळं सांगितलं, साहेबांपुढे खरं बोललो हेही. सूरीबाईंचा झगा शिवशील का, हे विचारायला त्याला रात्रीचं जेवण होईपर्यंत धीर झाला नाही. ती ताटं आत ठेवून आली. मग म्हणाली, "शिवीन. त्या बाईनं माझं काय बिघडवलं?"

त्यानं निळी प्रत तिच्यापुढे पसरली. तिनं गळ्यापासून काखेकडे जाणाऱ्या तिरप्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही बटणं उलट्या बाजूला आहेत."

"असं कसं? मी तीनदा पाहून काढलं."

"पडद्यावरची बाई आपल्याकडे तोंड करून उभी राहते. बटणं डावीकडे दिसली तर तुम्ही ती तिच्या डावीकडे काढली. आपली डावी ती तिची उजवी."

कृष्णकांतनं कागदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिलं. "तुला कधी समजलं?"

"तुम्ही घरी पेन्सिलनं काढून राहिले होते तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"इतके खूष होते तुम्ही," रत्नप्रभा म्हणाली. "म्हटलं, कापताना मी फिरवून घेईन. कोणाला समजणार होतं?"

रेघ खरवडून दुरुस्त करावी म्हणून तो कपाटातून ब्लेड आणि शाई काढायला उठला. "राहू द्या," ती म्हणाली. तिनं प्रत गुंडाळून बाजूला ठेवली, सूरीबाईंचं कापड जमिनीवर पसरलं आणि त्याला दुसरं टोक धरायला सांगितलं. कापड ताणून धरून तो बसून राहिला. तिनं कागदाकडे एकदाही न बघता कात्री चालवली, आणि त्यानं एकही सूचना केली नाही.