सतरा उभा आणि कानातले बोळे

मला मदतीचा तिटकारा आहे. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. या हकिकतीतून कुणाला काही धडा घ्यायचा असेल तर त्यानं खुशाल घ्यावा; मला मात्र आणून दाखवू नये.

इंग्लंडात, आमच्या श्रॉपशरमधल्या गावात, बाजारचौकातल्या चहाच्या दुकानात खिडकीशी एक गोल टेबल आहे. रोज सकाळी अकराला तिथं आमची बैठक भरते. मी, म्हणजे डेसमंड पार्जिटर (नगरपालिकेच्या गटार खात्यातून निवृत्त), क्लिफर्ड (लोकांचे दात उपटण्यातून निवृत्त) आणि बेरिल (मुलींना लॅटिन शिकवण्यातून निवृत्त, लॅटिन मात्र अजून तिच्यातून निवृत्त झालेलं नाही). बैठकीचा विषय कायम एकच असतो: कालच्या पेपरातलं गूढ इंग्रजी शब्दकोडं. आता गूढ म्हणजे 'फ्रान्सची राजधानी, पाच अक्षरं' असलं बाळबोध काही नव्हे. यात वाक्य बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं भलतंच. लग्न झालेल्या माणसाला खरं तर हे सोपं जायला हवं, पण जात नाही.

टेबलाला तीन खुर्च्या. एक रेडिएटरला, म्हणजे दुकान तापवणाऱ्या नळ्यांना चिकटून, एक मधे आणि एक दाराच्या तोंडाशी, जिथं जानेवारीत बसलं की वेल्सकडून येणारा वारा थेट मणक्यात शिरतो. रेडिएटरची खुर्ची माझी. क्लिफर्डचा तिच्यावर कित्येक वर्षांपासून डोळा.

मागच्याच आठवड्यात मी क्लिफर्डला टेबलाखाली फोन धरून उत्तर शोधताना रंगेहाथ पकडलं. मग मला भाषणाची हुक्की आली.

"ज्याला दुसऱ्याच्या तोंडून उत्तर हवं, त्यानं घरी बसून रेडिओ ऐकावा!" मी टेबलावर मूठ आपटली. "आजपासून जो कुणाची मदत घेईल त्याची जागा दाराशी. मग तो कुणीही असो!"

"कुणीही?" क्लिफर्डनं विचारलं.

"कुणीही!"

"बेरिल, तू साक्षीदार," क्लिफर्ड म्हणाला आणि आपली दाराजवळची थंडगार खुर्ची मोठ्या प्रेमानं थोपटू लागला. तेव्हाच मला काही कळायला हवं होतं.

मंगळवारी नाश्त्याला बसल्या बसल्या मी कोडं उघडलं आणि टोस्ट संपेपर्यंत जवळजवळ उडवलं. राहिला फक्त सतरा उभा, म्हणजे सतराव्या क्रमांकाचा उभा शब्द. नऊ घरं, आणि सूचना अशी: 'आजारी फ्रेंच माणसाला आधी बिघडवा, सकाळी तो सुरीखाली जाईल.'

समोर बायको, ग्लेनिस, आपल्या टोस्टवर सुरी फिरवत होती. तिनं पेपरात डोकावलं आणि खुदकन हसली. "अरे डेसमंड, हे तर..."

"खबरदार!"

"अरे, पण हे इथंच समोर..."

"एक शब्द बोललीस तर माझी खुर्ची जाईल!"

"जाऊ दे मग," ती म्हणाली आणि टोस्ट खाऊ लागली. (बायकांना खुर्चीचं महत्त्व कळत नाही. निदान आमच्या घरात जी बसते तिला तरी.)

आता माझ्यापुढे प्रश्न असा होता की उद्या अकराच्या आत उत्तर हवं आणि ते माझ्याच डोक्यातून निघायला हवं. मी बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो. फ्रेंच माणूस, सुरी आणि सकाळ! मी एकामागून एक फ्रेंच राजे मारले. मग सेनापती घेतले. मग शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. एकही नऊ घरांत बसेना.

त्यात सगळं गाव माझ्या वाईटावर टपलेलं. टपालवाली बाई पाकीट देता देता म्हणाली, "आजचा सतरा उभा काय गोड आहे हो..." मी तिच्या तोंडावर दार लावलं. पाकीट तिच्याच हातात राहिलं. मग क्लिफर्डचा फोन. "डेसमंड, अडलास वाटतं? फक्त पहिलं अक्षर सांगतो, मित्र म्हणून..." मी फोनची तारच उपटली.

आणि मग मी तो निर्णय घेतला. छोटासाच होता. न्हाणीघरातल्या कपाटातून कापूस आणून मी दोन्ही कानांत घट्ट बोळे कोंबले आणि दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'मला काहीही सांगू नका.'

अहाहा! काय शांतता! मी पुन्हा फ्रान्समध्ये शिरलो.

मधेच ग्लेनिस दारात उभी दिसली. अंगात कोट, हातात पर्स. तिचे ओठ हलत होते. तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं, घड्याळाकडे केलं, मग दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गोल, मोठं, पातेल्याएवढं दाखवलं. मी ओळखलं. ही खाणाखुणांनी उत्तर सांगतेय! मी लगेच डोळे मिटले आणि ती जाईपर्यंत जोरजोरात मान डोलावली. संसारात मान डोलावण्यानं आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही, असं माझं तोपर्यंतचं मत होतं.

ती गेली. थोड्या वेळानं मला डोकं तापल्यासारखं वाटू लागलं. मेंदू आता खरा कामाला लागला, असं वाटून मला बरंच वाटलं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग पेपरातली चौकटच दिसेनाशी झाली. मी चष्मा पुसला. आणखी एकदा पुसला. तेवढ्यात पिवळ्या शिरस्त्राणातला एक आडदांड माणूस खोलीत घुसला आणि त्यानं मला खुर्चीतून बटाट्याच्या पोत्यासारखं उचलून हिरवळीवर नेऊन ठेवलं. शेजाऱ्यांनी धूर बघून अग्निशमन दल बोलावलं होतं. दाराची घंटा त्यांनी म्हणे खूप वाजवली होती.

"साहेब, ठीक आहात ना?" त्यानं माझ्या कानांतले बोळे उपटून काढले. मग त्याची नजर माझ्या मुठीतल्या पेपरावर गेली आणि चेहरा खुलला. "अरे वा, तुम्हीपण सोडवता? सतरा उभा राहिला होय? कमाल आहे साहेब, ते तर तुमच्याच..."

"सांगू नका!" मी इतक्या जोरानं किंचाळलो की पाण्याचा पाइप धरलेला त्याचा जोडीदार दचकला आणि शेजाऱ्यांची मांजर न्हाऊन निघाली.

तेवढ्यात तिसरा माणूस एक पातेलं हातभर लांब धरून बाहेर आला. कोळशासारखं काळं. त्यातून काळा, चिकट, संत्र्यांचा वास असलेला धूर निघत होता. दर जानेवारीत ग्लेनिस आंबट संत्री आणून वर्षभराचा मार्मलेड, म्हणजे संत्र्यांचा मुरंबा घालते, तो हा.

मार्मलेड! मी इंग्रजी स्पेलिंग बोटांवर मोजलं. नऊ अक्षरं! पहिला तुकडा 'मार' म्हणजे इंग्रजीत 'बिघडवणं', उरलेला 'मलाद' म्हणजे फ्रेंच भाषेत 'आजारी', आणि सकाळी टोस्टवर सुरीखाली जातो तो हाच! मी घरातल्या चपलांनिशीच हिरवळीवर नाचलो. "सापडलं! माझं मला सापडलं!"

"काय सापडलं?" मागून आवाज आला. ग्लेनिस बहिणीकडून परतली होती. तिनं पातेलं बघितलं, काळी खिडकी बघितली, मला बघितलं.

"जाताना मी काय सांगून गेले होते? मार्मलेडकडे लक्ष ठेव, मोठा काटा बारावर आला की गॅस बंद कर. मान डोलावलीस ना? ऐकलं होतंस की नाही?"

मी विचार केला. विसरणारा नवरा आणि न ऐकणारा नवरा यांत पहिल्याला शिक्षा कमी.

"ऐकलं होतं गं, शब्दन् शब्द ऐकला. फक्त लक्षात राहिलं नाही."

तिनं सुस्कारा सोडला. "वय झालं तुझं," असं म्हणून तिनं मला चहासुद्धा दिला.

बुधवारी अकराला मी रेडिएटरपाशी राजासारखा बसलो आणि पूर्ण भरलेली चौकट टेबलावर ठेवली. क्लिफर्डनं ती चारदा तपासली.

"आणि कुणाची मदत नाही?"

"कुणाच्या बापाची नाही!"

तेवढ्यात दार उघडलं, वारा आत आला आणि त्याच्यामागून ग्लेनिस. बाजारातून तारेची घासणी घेऊन निघाली होती, ते काळं पातेलं काखेत मारून.

"ऐकलंत ना याचे पराक्रम?" ती बेरिलला म्हणाली. "पण बिचाऱ्यानं ऐकलं तरी होतं मी सांगितलेलं. कालच कबूल केलं. विसरला, एवढंच."

"काय सांगितलं होतंस?" क्लिफर्डनं अतिशय हळुवारपणे विचारलं.

"मार्मलेडकडे बघ म्हणून."

क्लिफर्ड उठला. त्यानं आपली टोपी घेतली आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे उत्तर बायकोनं सांगितलं. ऊठ, डेसमंड."

एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला संसार. शहाण्या माणसानं काय केलं असतं मला ठाऊक आहे. पण मी पार्जिटर आहे!

"मी तिचं एक अक्षरही ऐकलेलं नाही!" मी गरजलो. "कानांत बोळे होते! अग्निशमनवाल्याला विचारा!"

"काल तर म्हणालास शब्दन् शब्द ऐकला?" ग्लेनिस म्हणाली.

"खोटं बोललो!"

"आणि मान डोलावलीस ती?"

"मान मी लग्न झाल्यापासून डोलावतोय! ऐकायचा त्यात काय संबंध?"

दुकानातले सगळे चमचे थांबले. बेरिलनं लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटून निकाल दिला: आरोपीनं काहीही ऐकलेलं नाही, सबब खुर्ची त्याचीच. क्लिफर्ड पुन्हा दाराशी जाऊन बसला. ग्लेनिस पुढे आली. पातेलं माझ्यासमोर ठेवलं, त्यात घासणी टाकली आणि गेली.

जिंकलो! हे मी पुन्हा ताठ मानेनं सांगतो.

घरी भांडण झालं नाही. माझी दारावरची पाटी तेवढी काढून ग्लेनिसनं चौकटीत बसवली आणि शेगडीच्या वर टांगली. 'मला काहीही सांगू नका.' ती आता माझा शब्द पाळते. जेवण कधी, सांगत नाही. कुठं चालली, सांगत नाही. शनिवारी फिरून आलो तर माझ्या आरामखुर्चीत तिची आई, मिसेस प्रॉसर! उन्हाळ्यापर्यंत राहायला.

"अगं, मला सांगायचं तरी!" मी म्हणालो. ग्लेनिसनं नुसतं पाटीकडे बोट केलं.

सासूबाई नव्वदीच्या आहेत आणि माझ्याआधी उठतात. पेपर त्यांच्या हातात. लापशी निवायच्या आत त्यांचं कोडं सुटलेलं असतं, तेही शाईनं, आणि मी टेबलाशी आलो की त्या एकेक उत्तर खड्या आवाजात जाहीर करतात.

"सांगू नका!" मी ओरडतो.

"काय म्हणालास?" त्या कानाला हात लावतात. त्यांना ऐकू कमी येतं. मलाही येत असावं असं समजून त्या तेच उत्तर पुन्हा, आणखी मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून सांगतात.

आणि न्हाणीघरातल्या कपाटातला कापूस हल्ली कुठं ठेवलाय, ते ग्लेनिस सांगत नाही.