सोपानराव मुंगसाची आडवी बढती

एका जंगलात, मुलांनो, धान्य बेताचं होतं आणि सल्ला मुबलक होता.

तिथले प्राणी पावसाळ्यासाठी आपलं धान्य खारींच्या कोठारात ठेव म्हणून ठेवत. खारी ते सांभाळत. ते कसं सांभाळावं हे खारींना सांगायला वडाच्या झाडावर एक सल्लागार मंडळी बसलेली असे. ओढ्यापलीकडे पिंपळावर दुसरी मंडळी होती. तीही हेच सांगे, फक्त वेगळ्या पानावर लिहून.

वडाला सहा फांद्या होत्या. पहिल्या फांदीवरचे पोती हलवत. दुसरीवरचे पोत्यांची चित्रं काढत. तिसरीवरचे कोठारात उतरून ओल आणि बुरशी शोधत. चौथीवरचे तिसरीवरच्यांना ‘झालं का?’ असं विचारत. पाचवीवरचे तेच चौथीवरच्यांना विचारत. सहावीवर काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं, पण तिथे वारा फार छान येतो म्हणत.

तिसऱ्या फांदीवर सोपानराव मुंगूस होते. नाक असं, की दारात उभं राहून कुठल्या कणगीच्या बुडाला ओल धरलीय ते सांगत. नऊ वर्षांत त्यांनी अकरा कोठारं वाचवली होती. खारींचा त्यांच्यावर फार विश्वास. आणि त्यांचाही कामावर जीव होता. ओल सापडली की त्यांची शेपटी आपोआप फुलायची.

पण वडाचा एक नियम होता. एका फांदीवर दहा वर्षं झाली की वर चढायचं, नाही तर झाडावरून कायमचं उतरायचं. उतरलेल्या सल्लागाराला जंगलात कुणी काम देत नाही. त्याला दुसरं काही येत नाही असा सगळ्यांचा समज असतो, आणि तो बहुधा खरा असतो.

म्हणून त्या वर्षी फांदीवाटपाच्या दिवशी सोपानराव सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. त्या दिवशी प्रत्येकाने आपली स्तुती आपणच पानावर लिहून वाचायची अशी तिथली रीत. सोपानरावांनी लिहिलं होतं, ‘दोन कोठारांत ओल होती. काढली.’ शेजारी चिंतोपंत वानर होता. त्याने दोन्ही वेळा सोपानरावांसाठी दार धरलं होतं. त्याने लिहिलं होतं, ‘जंगलाच्या कोरडेपणाकडे चाललेल्या वाटचालीचं नेतृत्व केलं.’

चिंतोपंताला चौथी फांदी मिळाली.

सोपानराव सगळ्यात वरच्या फांदीवरच्या दत्ताजीराव कोल्ह्यांना भेटले. कोल्हा झाडावर कसा चढला, हे विचारू नका. वर पोचलेल्यांना ते विचारायचं नसतं.

“सोपानराव, तुमच्यासारखं नाक अख्ख्या जंगलात नाही,” कोल्हे म्हणाले. “तुम्हाला वर घेतलं तर तिसरीवर बसेल कोण?”

“पण साहेब, पुढच्या वर्षी मला उतरावं लागेल.”

“त्याचंच तर वाईट वाटतं हो,” कोल्हे म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

घरी सोपानरावांची बायको द्वारका म्हणाली, “अहो, तुम्हीही लिहायचं ना चिंतोपंतांसारखं.”

“मला नाही गं जमत तसलं.”

मग द्वारकेने मालूताई साळुंकीला बोलावलं. मालूताई पूर्वी लग्नं जुळवायची. आता ती सल्लागारांना झाडं जुळवून देई, पण बोलण्याची जुनी सवय सुटली नव्हती.

“पिंपळाचं स्थळ आहे,” ती म्हणाली. “चौथी फांदी. मंडळी चांगली आहेत, हुंडा नाही. एकाच फांदीवर किती वर्षं झाली तुम्हाला?”

“नऊ.”

“अगं बाई. हे कुठे बोलू नका. मी ‘स्वभावाने स्थिर आहेत’ असं सांगते.”

वानर असता तर एका उडीत पिंपळावर गेला असता. सोपानराव वडावरून उतरले, ओढा ओलांडला आणि धापा टाकत पिंपळावर चढले. बसताच त्यांनी विचारलं, “कुठलं कोठार बघायचं?”

तिथली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. “कोठार? अहो, तुम्ही आता चौथीवर आहात. ‘झालं का?’ एवढंच विचारायचं.”

पहिले काही दिवस सोपानरावांना ते विचारायला संकोच वाटे. दिवाळीपर्यंत त्यांचा आवाज चांगला भरदार झाला.

इकडे वडावर तिसरी फांदी रिकामीच होती. कोठारांच्या तक्रारी येऊ लागल्या. कोल्ह्यांनी मालूताईला निरोप धाडला, की पिंपळाचा अनुभव असलेलं कुणी मोठं नाव पाहिजे, पाचवी फांदी देऊ. वर्षाच्या आत सोपानराव ओढा ओलांडून परत आले. कोल्ह्यांनी स्वतः हार घातला.

“असा जाणकार आपल्या झाडावर आजवर नव्हता,” ते म्हणाले.

“साहेब, मी नऊ वर्षं इथेच होतो.”

“हो का? कधी दिसला नाहीत.”

पावसाळा महिन्यावर आला, तेव्हा भागीरथी खार वडाखाली आली. ती मोठ्या कोठाराची राखणदार होती. “सोपानराव, कोठाराला कसलातरी वास येतोय,” ती म्हणाली. “एकदा येऊन जा बाबा. तुमच्याशिवाय कळायचं नाही.”

पाचव्या फांदीवरचे खाली उतरत नसत. सोपानराव मागच्या पारंब्यांवरून गुपचूप उतरले. दारातच त्यांना कळलं. सगळ्या कणग्यांच्या बुडाला ओल होती आणि धान्याला मोड येत होते. त्यांच्या स्वतःच्या घरचं धान्यही त्यातच होतं. ते धावत वर गेले.

“साहेब, ओल आहे. आजच धान्य उन्हात घातलं तर निम्मं तरी वाचेल.”

“तुम्ही स्वतः वास घेतलात?”

“हो.”

“मग पाचवीवर काय करताय?” कोल्हे अगदी प्रेमाने म्हणाले. “ओल शोधणं तिसरीचं काम. जागा रिकामी आहे, जाता का? तिथली तुमची नऊ वर्षं झालेलीच आहेत. एकच राहिलंय.”

सोपानरावांनी खाली तिसरीकडे बघितलं.

“मला सहावीवर सोबतीला कुणीतरी हवंय,” कोल्हे म्हणाले. “बरं, धान्याला नेमकं काय झालंय?”

“मोड आलेत.”

“म्हणजे वाढतंय. तेवढं लिहा.”

सोपानरावांना लाज वाटली. फार वाटली. पण झाडावरून उतरण्याची भीती तिच्याहून मोठी निघाली. त्यांनी पानावर लिहिलं, ‘कोठारातल्या ठेवी जोमाने वाढत आहेत. काहीही हलवू नये.’

भागीरथीने पान वाचलं. वास तर तिला येतच होता. पण सोपानरावांचं नाक नऊ वर्षांत कधी चुकलं नव्हतं. तिने आपल्याच नाकाला दोष दिला, कोठाराचं दार घट्ट लावलं आणि ती निश्चिंत मनाने घरी गेली.

आठ-दहा दिवसांत कोठाराच्या छपरातून हिरवे कोंब बाहेर आले. वडावर टाळ्या वाजल्या. सोपानरावांना सहावी फांदी मिळाली. वारा खरंच छान होता.

पाऊस लागल्यावर द्वारका टोपली घेऊन कोठारात गेली. घरी परत न जाता ती पोरांना घेऊन तशीच वडाखाली आली. टोपलीत काळा, बुळबुळीत लगदा होता.

“अहो,” तिने खालून हाक मारली, “आत सगळं कुजलंय. ह्यांना आता काय खायला घालू?”

सोपानरावांनी खाली वाकून बघितलं. टोपलीतलं इतक्या उंचावरून नीट दिसत नव्हतं आणि वासही वर पोचत नव्हता. कोठाराचं छप्पर तेवढं स्पष्ट दिसत होतं.

“इथून तर हिरवंगार दिसतंय गं,” ते म्हणाले.

आणि मुलांनो, ह्या वेळी ते खोटं बोलत नव्हते.

तात्पर्य : कष्टाचं फळ मिळतंच, फक्त ते शेजारच्या झाडाला लागतं. ते जाऊन तोडून आणावं, वर बसून खावं आणि खाताना वास घेऊ नये.