मागच्या सीटवरचं खोदकाम

सीटवर ओरखडासुद्धा उठणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं! पन्नास वर्षं झाली, पण ते वाक्य अजून कानात आहे.

सासऱ्यांची १९३८ सालची काळी गाडी. मागची सीट दुधी लोकरी कापडाची. सासरे तिच्यावर कोणाला टेकूसुद्धा देत नसत! त्या शनिवारी तिच्यावर बसून आमची ओत्ताव्हिया लग्नाला निघणार होती.

“बिर्बाला पण नेऊ,” नवरा म्हणाला.

“सेकोंदो, कुत्री? लेकीच्या लग्नाला?”

“नोव्हेंबर आहे! एकटी ठेवली तर कोणीतरी पळवेल.”

हे मात्र खरं. नोव्हेंबर म्हणजे ट्रफलचा हंगाम, आणि आमच्या डोंगरात जमिनीखालची ट्रफल अळंबी हुंगून काढणाऱ्या कुत्रीला सुनेपेक्षा जास्त जपतात.

“सीटचं माझ्यावर सोड!” मी म्हणाले. दोन रजया, त्यांवर मेणकापड, सगळ्यात वर कपाटाच्या तळाशी सापडलेलं जाड फडकं. सीट अशी गुंडाळली, जणू बाळंतीण!

बिर्बा चढली. हुंगलं. आणि दोन्ही पंजांनी उकरत सुटली! मेणकापड फाटलं, रजया उडाल्या.

“सेकोंदो, आवर तिला!”

तो धावत आला, पाहिलं आणि त्याने चक्क टोपी काढली. “गप्प! बिर्बा कधी चुकत नाही. आत ट्रफल आहे!”

“सीटमध्ये?”

“बाबांनी लपवलं असणार.”

“अरे, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली!”

“तू बाबांना ओळखत नाहीस!” असं म्हणून त्याने लग्नाच्या सुटातून खुरपं काढलं. “शोध गं राणी, शोध!”

दोघांनी मिळून सीटमध्ये भरलेले घोड्याचे केस उपसले, स्प्रिंगा उघड्या केल्या. तेवढ्यात माझं लक्ष फडक्याकडे गेलं. सेकोंदो दरवर्षी ट्रफल ज्यात गुंडाळायचा, तेच हे! मी ते गुपचूप पर्समध्ये कोंबलं.

ओत्ताव्हिया पायऱ्या उतरून आली. “बाबा! आता मी बसू कुठे?”

“पुढे बस, बाळ. मागे आई बसेल.”

चर्चपर्यंत एकोणीस वळणं. प्रत्येक वळणाला एक नवी स्प्रिंग!

लग्नाची पूर्ण प्रार्थना मी उभ्याने ऐकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेवटी पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. “भक्ती असावी तर अशी! एकदासुद्धा बसली नाही ही माउली!”

मी नम्रपणे मान खाली घातली. दुसरं काय करणार?